दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन उतरतंय? मधलं आतडं बघा

माझ्या मामेभावाचं हिमोग्लोबिन दीड वर्ष नुसतं उतरत होतं, लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, वरची एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी पण नॉर्मल, घरात सगळे म्हणायचे पोरगं नीट जेवत नाही. वरची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालची त्याच्या शेवटच्या टोकाला, मधलं कित्येक फूट आतडं कुणी बघितलेलंच नसतंय. तिथंच त्याच्या लिम्फच्या नळ्या, म्हणजे जेवणातली चरबी वाहून नेणाऱ्या, जन्मापासून चुकीच्या जुळून फुगून गाठ झालेल्या निघाल्या (डॉक्टर त्याला लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात), तिथूनच थोडं थोडं रक्त जात होतं.

रक्तात आधी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, बघा. लिम्फ आतड्यात गळत असेल तर अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडी), लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिन्ही उतरतात, पाय सुजतात. मग लघवीतून प्रोटीन जात नाही ना, लिव्हर बरं आहे ना ते तपासायचं, आणि संडासची अल्फा-१ अँटीट्रिप्सिन टेस्ट विचारायची, ती वाढलेली आली तर प्रोटीन आतड्यातूनच जातंय. पण एखादीच गाठ असली तर हे सगळं नॉर्मल येतं, आमचं तसंच झालं, तेवढ्यावर थांबू नका.

सोनोग्राफीत मोठी गाठ पडदे असलेल्या पाण्याच्या पिशव्यांसारखी दिसते, छोटी दिसतच नाही. पुढं सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा स्कॅन. ती कॅप्सूलच्या, म्हणजे गिळायच्या कॅमेऱ्याच्या, आधीच करा, कारण आपल्याकडं आतड्याचा टीबी लई, त्यानं आतडं अरुंद झालेलं असलं तर कॅप्सूल अडकते.

कॅप्सूलमध्ये पांढरट-पिवळसर फुगवटे, ठिपके दिसतात. चरबीचं खाल्लं की चांगल्या माणसाच्या आतड्यातही पांढरे ठिपके येतात, म्हणून आदल्या दिवशी तांबडा-पांढरा बंद, डॉक्टर सांगतील तेच घ्या, कधी ते मुद्दाम चरबी खायला लावतात.

पक्कं निदान तुकड्यावरच (बायोप्सी). त्यासाठी बलून एंटेरोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या मदतीनं मधल्या आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण, आम्ही त्यासाठी पुण्याला गेलो, सीटीची सीडी आणि तारखेवार लावलेली फाईल घेऊन. पॅथॉलॉजीत डी२-४० स्टेन करायला सांगा, नळ्या रक्ताच्या की लिम्फच्या ते त्यानं कळतं. वरवरचा तुकडा निघाला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, काहींचं ऑपरेशननंतरच कळतं.

यात कधी पोटात एकदम जोराची कळ आली, हिरवी उलटी झाली, विशेषतः लहान पोराला, तर टेस्टची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.