पर्चेस कार्ड हातात येण्याआधी

अमेरिकेतल्या फेडरल ऑफिसात जरा रुळलात की एक दिवस साहेब म्हणतात, "तुमच्या नावाने पर्चेस कार्ड काढू या." म्हणजे ऑफिसच्या छोट्या खरेदीसाठीचं सरकारी क्रेडिट कार्ड. मान मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर ऑफिसची वाणसामानाची यादी तुमच्या गळ्यात पडलेली असते.

आधी ट्रेनिंग उरका. त्याशिवाय कार्ड मिळत नाही, आणि निदान दर तीन वर्षांनी ते पुन्हा करावं लागतं. सर्टिफिकेट जपून ठेवा. तुमच्या खरेदीला मंजुरी देणारा अधिकारी कोण, तो रजेवर असला की कोण, हे लेखी घ्या.

मग कार्डावरच्या एका खरेदीच्या कमाल मर्यादेचे तीन आकडे मॉनिटरला चिकटवा. वस्तूंसाठी १५,००० डॉलर (१ ऑक्टोबर २०२५ पासून, त्याआधी १०,०००), सर्व्हिस काँट्रॅक्टच्या वेतन कायद्यात बसणाऱ्या सेवांसाठी २,५००, बांधकामासाठी २,०००. तुमच्या ऑफिसने कार्डावर याहून कमी मर्यादा घातली असेल, तर तीच खरी. नवे लोक घसरतात ते शेवटच्या आकड्यावर. भिंतीला रंग देणंही बांधकामातच मोडतं. 'किरकोळ काम आहे' म्हणून ३,००० डॉलरचा पेंटर बोलावलात की फसलात.

त्याहून वाईट म्हणजे तुकडे पाडणं. २२,००० डॉलरच्या खुर्च्या हव्यात, म्हणून सोमवारी ११,००० चं बिल आणि गुरुवारी ११,००० चं. दुकानदार आनंदाने करून देतो, साहेबांनाही घाई असते. पण गरज एकच होती, हे तपासणाऱ्याला दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. अशी मागणी आली की कार्ड बाजूला ठेवून सरळ मोठ्या खरेदीचे करार करणाऱ्या काँट्रॅक्टिंगवाल्यांकडे जा. महिना जाईल, जाऊ दे.

पैसे देण्याआधीच 'टॅक्स एक्झम्प्ट' (करमुक्त) म्हणा. या सरकारी खरेदीवर बहुतेक राज्यांत सेल्स टॅक्स लागत नाही, पण लागला तर बँकेकडे तक्रार करून उपयोग नाही, तो दुकानदाराकडूनच परत आणावा लागतो. बाकी चुकीच्या रकमांसाठी बँकेकडे तक्रार करायला तुम्हाला ९० दिवस असतात.

पावतीचा फोटो दुकानातच काढा. माझी एक पावती जुलैभर गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली. सापडली तेव्हा त्या थर्मल कागदावर फक्त दुकानाचा लोगो, तोही अंदाजाने ओळखावा असा. डुप्लिकेट पावतीसाठी तीन हेलपाटे पडले.

घरच्या शॉपिंग अकाउंटवर हे कार्ड कधीही सेव्ह करू नका. पुढच्या आठवड्यात घरचा बासमती सरकारी खर्चाने येईल, आणि चुकून आला म्हटलं तरी खुलासा लिहावाच लागेल. शेजारच्या टेबलावरच्याने नंबर मागितला तर तोही देऊ नका. कार्डावर नाव तुमचं आहे. जमलं तर मागवणारे तुम्ही, माल उतरवून घेणारा दुसरा, अशी सोय करा.

आणि दिवाळीला तीन आठवडे पुण्याला निघालात तर स्टेटमेंट त्या काळात येतंय का बघा. पावत्यांशी खर्चाची जुळवणी निघण्याआधी करा, कार्ड कुलपात ठेवा, बरोबर नेऊ नका.