केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांसाठी वर्कशॉप घेताय? आधी त्यांची शीट मागवा

मागच्या वेळी आम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप घेतलं. प्रयोग झाले, चर्चा रंगली, सगळे खूश होऊन गेले, आणि तीन महिन्यांनी एकेकाला फोन केला तर कुणीच आपल्या लॅबमध्ये काही बदललेलं नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती. त्यांनी सगळं आमच्या प्रयोगांवर केलं, स्वतःच्या नाही. येताना आपल्या कॉलेजची एक चालू प्रॅक्टिकल शीट (प्रयोग कसा करायचा ते मुलांना सांगणारा कागद) आणा, एवढं एक वाक्य मेलमध्ये टाकायचं मी विसरलो होतो.

तर पहिलं काम तेच. निमंत्रणात लिहा, आठ दिवस आधी परत लिहा, आदल्या दिवशी मेसेज करा. आदर्श शीट नको, या वर्षी मुलं जी खरोखर वापरतायत ती हवी, खाडाखोड असली तरी चालेल. हॉल, प्रोजेक्टर, नावनोंदणी याबद्दल मी काही सांगत नाही, ते कुणीतरी बघतंच.

मग विषय निवडा, आणि कमी निवडा. दोन दिवसांत ग्रीन केमिस्ट्री, मायक्रोस्केल (अगदी थोड्या रसायनांत प्रयोग), गट करून शिकवणं, मूल्यमापन सगळं कोंबलं की काहीच हाताला लागत नाही. दोन विषय बास. सुरुवातीला केमिस्ट्री शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांचा त्रिकोण घ्या असं माझं मत आहे, १९८२ मध्ये मांडलेली साधी गोष्ट आहे: डोळ्यांना दिसतं ते, रेणूंच्या पातळीवर घडतं ते, आणि आपण फळ्यावर लिहितो ती चिन्हं. आपण या तिन्हींत सहज उड्या मारतो, मुलं मात्र तिसऱ्यातच अडकतात. हे नुसतं सांगू नका, प्रश्न टाका. पाणी उकळताना येणारे बुडबुडे कशाचे? वाफेचे, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे म्हणणारी मुलं कॉलेजातही भेटतात. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते की लागते? लागते, पण बायोलॉजीत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तुटून ऊर्जा मिळते असं ऐकून आलेली मुलं उलटं सांगतात. असे पाच-सहा प्रश्न तयार ठेवा, आणि आपली मुलं काय उत्तर देतील ते प्राध्यापकांना आधी कागदावर लिहायला लावा. मोलची (कण मोजायच्या एककाची) व्याख्याही एकदा विचारून बघा, २० मे २०१९ पासून ती ठरलेल्या आकड्यावर आहे, ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, पण १२ ग्रॅम कार्बन-१२ वाली जुनी व्याख्या अजून बऱ्याच नोट्समध्ये तशीच असते.

प्रयोगांची ट्रायल त्याच लॅबमध्ये, त्याच बाटल्यांनी घ्या. 'हा तर नेहमीचा आहे' म्हणून सोडू नका. फेरस सल्फेटचं जुनं द्रावण हवेने फेरिक होत जातं, मग टायट्रेशनमध्ये (थेंबथेंब द्रावण घालून प्रमाण मोजताना) परमँगनेट कमी लागतं आणि वीस जणांची रीडिंग एकदम चुकीची येतात. त्याऐवजी मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) घ्या, ते जास्त टिकतं. आयोडीनच्या टायट्रेशनसाठी स्टार्च ताजा करा.

वेस्टच्या बाटल्या आदल्या दिवशी लेबल लावून ठेवा, आणि यात अजिबात हयगय नको, प्लीज. हॅलोजन असलेले सॉल्व्हंट वेगळे, नसलेले वेगळे, क्रोमियम-शिसं-सिल्व्हर वेगळं. नायट्रिक ॲसिड कधीही ऑरगॅनिक वेस्टमध्ये नाही, बंद बाटलीत गॅस साचून बाटली फुटते. टॉलेन्स रिएजंट (अल्डिहाइड ओळखायचं सिल्व्हरचं द्रावण) दाखवणार असाल तर लागेल तेवढंच, त्याच वेळी बनवा, साठवून ठेवू नका, कारण ठेवल्यावर त्यात स्फोटक सिल्व्हर संयुगं तयार होतात. उरलेलं लगेच सौम्य ॲसिड घालून निकामी करा. हे प्राध्यापकांच्या समोर करा, कारण परत गेल्यावर लॅब असिस्टंटला तेच शिकवणार आहेत. गॉगल सगळ्यांना, शिकवणाऱ्यालाही.

आता पुन्हा शीट. दुसऱ्या दिवसाची अख्खी दुपार शीटसाठी रिकामी ठेवा, तिथे कुठलंही भाषण घुसवू देऊ नका, पाहुणे कितीही मोठे असोत. प्रत्येकाने स्वतःची शीट काढायची आणि एकच जागा बदलायची. समजा टायट्रेशनची शीट आहे, 'इतके मिली घ्या, गुलाबी रंग येईपर्यंत टाका' अशी. त्याऐवजी दोन अँटासिडच्या गोळ्या द्या आणि विचारा, कोणती जास्त ॲसिड संपवते? गोळी नीट विरघळत नाही, थेट टायट्रेशन जमत नाही, म्हणजे आधी जास्तीचं ॲसिड घालून उरलेलं मोजावं लागेल, हे मुलांनाच शोधू दे. प्रयोग तोच, ब्यूरेट तीच, खर्च जवळपास तोच, फक्त डोकं मुलांचं चालतं. बदललेली शीट शेजाऱ्याला वाचायला द्या, त्याला कळली नाही तर मुलांनाही कळणार नाही. शीट न आणलेल्यांसाठी दोन-तीन नमुना शीट ठेवा, पण तो नाइलाज समजा, परक्या शीटवर केलेलं काम घरी जाऊन कुणी वापरत नाही, हे आम्ही भोगलंय.

फीडबॅक फॉर्म छोटा. 'कसं वाटलं' नको, 'पुढच्या महिन्यात कोणत्या बॅचला काय बदलणार' एवढंच विचारा.

सहा आठवड्यांनी एक तासाचा ऑनलाइन कॉल, तारीख सगळे समोर असतानाच ठरवा, नंतर जमत नाही. कॉलला मुलांचे दोन-तीन भरलेले जर्नल फोटो काढून आणायला सांगा, नावं झाकून.

आणि निमंत्रणाचा मेल गेला असेल आणि त्यात शीटचं वाक्य नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि दुसरा मेल आत्ता पाठवा.