डॉक्टरांना ‘लई वर्षं झाली’ म्हणू नका

मिरजेत डॉक्टरांनी विचारलं, "कंबर कधीपासून दुखतीय?" मी म्हटलं, "लई वर्षं झाली ओ, दहा तरी." सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या दुकानात गादीवर बसून हिशेब लिहायचं माझं काम, दुखणं अंगवळणी पडलेलं. त्यांनी केसपेपरवर ‘१० वर्षे’ लिहिलं आणि मणक्यातल्या इंजेक्शनचा आरोग्य विम्याचा क्लेम त्याच दोन शब्दांवर अडकला. पॉलिसी अडीच वर्षांची, दुखणं दहा वर्षांचं, म्हणजे आजार आधीचा!

म्हणून दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री जुनी फाईल काढा. पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवलं, एमआरआय कधी झाला, तारखा लिहून न्या. खोटं सांगायचं नाही, पण अंदाजपंचेही नाही. 2024 च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार सांगितलेला आजार ‘आधीचा’ धरतात. मी तोवर नुसता बाम चोळत होतो. तुमचे उपचार चालू असतील तर पॉलिसी घेतानाच्या फॉर्मवर लिहाच. अशा आजाराचे पैसे मिळायच्या आधी थांबावं लागतं तो प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 36 महिन्यांचा. मणका, गुडघेबदल यांना बऱ्याच पॉलिसींत वेगळी दोन वर्षं थांबावं लागतं, ते पान नीट वाचा.

दुसरी गोष्ट, विमा कंपनी दुखण्याचे पैसे देत नाही, ॲडमिशनचे देते. 24 तास भरती, नाहीतर डे केअर, म्हणजे भरती करून त्याच दिवशी घरी सोडतात असे उपचार. रोजच्या गोळ्या, तपासणी फी आपल्याच खिशातून, ओपीडी कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या एमआरआयसाठी भरती झालात तर तेही मिळत नाही. मात्र भरतीच्या आधीची-नंतरची बिलं जपा. आरोग्य संजीवनी या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसीत आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस धरतात; फिजिओथेरपी त्याच दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर यात मागून बघा. इंजेक्शन किंवा नर्व्ह ब्लॉक (दुखरी नस बधिर करणं) असेल तर आधीच कंपनीला ईमेल करून विचारा, "हे डे केअरमध्ये धरता का ओपीडीत?" फोनवरच्या पोरीचं "हो सर" नंतर कुणी मानत नाही.

क्लेम फेटाळला तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. मी डॉक्टरांकडून पत्र आणलं: ‘१० वर्षे’ हा पेशंटचा अंदाज, पहिली तपासणी अमुक तारखेची. ती तारीख पॉलिसीनंतरची होती. सोबत एमआरआयची झेरॉक्स जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला दिलं. तिथं नकार आला किंवा 30 दिवसांत उत्तरच नाही आलं, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही.

मला तिथवर जावं लागलं नाही. एकतीस हजार चारशेपैकी अठ्ठावीस हजार खात्यावर आले. उरलेले कशाचे कापले म्हणून यादी बघितली, तर त्यात हातमोजेसुद्धा होते.