मेलवरचे खरे क्लिक आणि स्कॅनरचे क्लिक वेगळे कसे काढावेत

समजा, जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलने तूरडाळीचे नवे भाव पुण्या-मुंबईच्या खरेदी अधिकाऱ्यांना मेलने कळवले. दुपारी रिपोर्ट पाहिला तर निम्म्या लोकांनी लिंकवर क्लिक केलेलं. विक्री सांभाळणारा पोरगा लगेच फोन लावायला बसतो आणि समोरून ऐकतो, "मेल? अजून बघितलाच नाही भाऊ." रिपोर्टही खरा असतो आणि समोरचाही. क्लिक झालेला असतो, पण तो माणसाने केलेला नसतो.

मेल पाठवणारं सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक लिंकच्या जागी स्वतःच्या सर्व्हरची, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी लिंक घालतं. ती उघडली की नोंद होते आणि मग खरं पान दिसतं. मोठ्या कंपन्यांत मात्र मेल आधी मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, प्रूफपॉइंट, माइमकास्ट किंवा बॅराकुडासारख्या सुरक्षा यंत्रणेतून जातो. लिंक फसवी तर नाही ना, हे तपासायला ही यंत्रणा, म्हणजेच स्कॅनर, ती स्वतः उघडून पाहू शकते. नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला यातला फरक आपोआप कळत नाही. ही तपासणी हवीच, त्यामुळे ग्राहकाला ती बंद करायला सांगू नका. आपला हिशेब सुधारा.

त्यासाठी टक्केवारीचा गोषवारा बाजूला ठेवून प्रत्येक क्लिकची नोंद एक्सेलमध्ये उतरवून घ्या. पत्ता, मेल पोहोचल्याची वेळ, क्लिकची वेळ, कोणती लिंक आणि मिळत असेल तर आयपी पत्ता (लिंक उघडणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक), एवढे रकाने पुरेत. आता वेळेवर नजर टाका. मेल 10:02:14 ला पोहोचला आणि 10:02:17 ते 10:02:19 या दोन सेकंदांत भावपत्रक, गोदामाचा नकाशा, फेसबुक पान आणि तळाची 'मेल बंद करा' अशा सगळ्या लिंक उघडल्या गेल्या, तर ते माणसाचं काम नव्हे. डाळीचा भाव बघणारा माणूस एखादी लिंक उघडतो, थांबतो, वाचतो.

पण नुसत्या सेकंदांवर निकाल देऊ नका. काही यंत्रणा उशिरा तपासतात, आणि फोन हातात असलेला माणूसही चटकन क्लिक करतो. म्हणून यादी डोमेननुसार, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागानुसार लावा. एकाच कंपनीच्या पाचही पत्त्यांवरून एकाच क्षणी क्लिक आले असतील तर संशय पक्का होतो. आयपी पत्ता ऑफिसचा किंवा फोनचा नसून डेटा सेंटरचा (सर्व्हर ठेवलेल्या जागेचा) निघाला तर आणखी एक पुरावा मिळाला. मेलमध्ये माणसाला न दिसणारी लिंक लपवून स्कॅनर पकडायचीही युक्ती आहे, पण लपवलेला मजकूर स्पॅम फिल्टरला खटकू शकतो, त्यामुळे मला ती पटत नाही.

संशयित नोंदी पुसू नका, शेजारी 'तपासणी' असा शेरा मारा. त्याच पत्त्यावरून तासाभराने आलेला एकटा क्लिक खऱ्या खरेदीदाराचा असू शकतो. 'मेल उघडला' या आकड्याचा आधार इथे घेऊ नका. तो मेलमधलं चित्र उतरलं की मोजला जातो. अॅपलने 2021 मध्ये आणलेल्या मेल प्रायव्हसी सोयीमुळे मेल न वाचताही त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात, म्हणून तो आकडाही फुगतो.

खरं नुकसान होतं ते एका क्लिकवर काम उरकणाऱ्या लिंकमुळे. 'मेल बंद करा' दाबताच नाव कमी होत असेल, तर स्कॅनर तुमचा चांगला ग्राहक परस्पर यादीतून काढून टाकेल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. लिंकने आधी पान उघडावं आणि त्या पानावरचं बटण दाबल्यावरच नाव निघावं. ऑर्डर पक्की करण्याच्या लिंकलाही हाच नियम लावा. जीमेल आणि याहू 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून एका क्लिकची 'बंद करा' सोय मागतात, पण ती मेलच्या हेडरमधून, म्हणजे मजकुराबाहेरच्या तांत्रिक माहितीतून चालते. तिची विनंती साध्या लिंक उघडण्याहून वेगळ्या पद्धतीने जाते, म्हणून स्कॅनरने लिंक उघडल्याने नाव निघत नाही. 'क्लिक केला की आपोआप व्हॉट्सअॅप' अशी साखळी लावली असेल तर ती आजच थांबवा.

पुढच्या भावपत्रकात एक ओळ घाला: "नमुना हवा असल्यास याच मेलला उत्तर देऊन पोत्यांची संख्या कळवा." अशी उत्तरं आणि भरलेले फॉर्म वेगळे मोजा, फोनची यादी त्यांवरूनच करा. मात्र मेल ज्या पत्त्यावरून जातो तो पत्ता रोज उघडून वाचणारं कुणीतरी मिलमध्ये नेमा.