गोव्यावर संशोधन करताय? मग रिपॉझिटरींची वही घाला

गोव्यातल्या एखाद्या विषयावर पीएचडी सुरू केली की मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या विषयावर आधी काय काय झालंय? एकदा गुगल करून याचं उत्तर मिळत नाही, कारण गोव्यावरचं संशोधन एका जागी कधी जमलेलंच नाही. माझा विषय खाजन जमिनींचा. खाडीचं खारं पाणी बांध घालून आणि मानशीची दारं लावून अडवायचं, आत भात पिकवायचं, मासे धरायचे, ही शेकडो वर्षांची व्यवस्था. तिच्यावर समुद्रविज्ञानवाल्यांनी लिहिलंय, खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भातावर काम करणाऱ्यांनी लिहिलंय, इतिहासकारांनी आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही लिहिलंय. प्रत्येकाने आपलं लेखन आपापल्या घरात ठेवलं. ही घरं म्हणजेच मुक्त प्रवेशाच्या रिपॉझिटरी. संस्था आपले शोधनिबंध, प्रबंध आणि अहवाल तिथे ठेवते आणि ते कुणालाही पैसे न भरता वाचता येतात.

आधी घरं कुठली ते बघू. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 ची. मांडवी-जुवारीच्या पाण्याची क्षारता, गाळ, खारफुटी यांवरचे तिथल्या शास्त्रज्ञांचे निबंध तिच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत आहेत. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाची रिपॉझिटरी वेगळी. शेतीवरचं काम जुन्या गोव्यात, एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत होतं, आणि देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर सापडतात. इतिहासाकडे वळलात तर पोर्तुगालमधल्या विद्यापीठांत गोव्यावर झालेले प्रबंध ‘आरसीएएपी’ या त्यांच्या सामाईक पोर्टलवर शोधा. पोर्तुगीज येत नसली तरी सारांश बहुतेक वेळा इंग्रजीतही असतो.

‘शोधगंगा’ या देशभरच्या पीएचडी प्रबंधांच्या रिपॉझिटरीवर मात्र सावकाश थांबायला हवं. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनंतर पीएचडी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागू लागली, आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारं केंद्र ती इथे ठेवतं. नवे विद्यार्थी वरच्या चौकटीत शब्द टाकतात, चार प्रबंध दिसले की समाधान मानतात. पण जुने प्रबंध कित्येकदा कागदावरून स्कॅन केलेले असतात. त्यांचं पान म्हणजे नुसतं चित्र, आतला शब्द शोधयंत्राला दिसत नाही. विषयशब्दही घाईत भरलेले असतात. म्हणून विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा आणि यादी शीर्षकागणिक वाचत खाली जा. गोवा विद्यापीठ 1985 चं, त्यामुळे एका विभागाची यादी एका बैठकीत संपते. खाजनांवरचं सगळ्यात उपयोगी प्रकरण मला अशा प्रबंधात मिळालं, ज्याच्या शीर्षकात खाजन हा शब्दच नव्हता. प्रबंध तिथे प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतो. शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उतरवून घ्या, पुढचा रस्ता तीच दाखवते.

गावांची आणि नद्यांची नावं सगळ्या रूपांत शोधा. पणजी, पंजिम, पांजिम, नोव्हा गोवा. साष्टी आणि साल्सेत. तिसवाडी आणि इल्यास. रोमन लिपीत खाजनचं स्पेलिंग कुणी ‘झेड’ने करतं, कुणी ‘जे’ने. ही सगळी रूपं एकदाच लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तीच वापरा.

आता वहीचं सांगते. वही म्हणजे एक साधी एक्सेल शीट चालेल. एका रिपॉझिटरीला एक ओळ. संस्था कोणती, पत्ता काय, पूर्ण मजकूर मिळतो की फक्त सारांश, सॉफ्टवेअर डीस्पेस की ईप्रिंट्स, मी शेवटचं कधी पाहिलं, आणि तेव्हा सगळ्यात नवी नोंद कोणती होती. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या वेळी तुम्हाला फक्त त्या नोंदीच्या वरचं बघायचं असतं.

इथे एक बारकावा आहे, तो मला ग्रंथालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी दाखवला. डीस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीला निदान दोन तारखा असतात: निबंध प्रसिद्ध झाल्याची आणि तो रिपॉझिटरीत दाखल झाल्याची. आपण सवयीने प्रसिद्धीच्या वर्षाने क्रम लावतो. पण ग्रंथालयं जुने निबंध मागाहून चढवत असतात. 1978 चा निबंध गेल्या आठवड्यात दाखल झालेला असू शकतो आणि तो यादीत पार तळाशी पडतो. लक्ष ठेवायचं असेल तर क्रम दाखल तारखेनेच लावा. नव्या नोंदी आपोआप कळवणारा आरएसएस फीड असेल तर तोही जोडून घ्या.

थोडं तांत्रिक यायला लागलं की ओएआय-पीएमएच शिका, म्हणजे रिपॉझिटरीकडून नोंदींची यादी मागवायची ठरलेली पद्धत. या प्रोटोकॉलची आज चालणारी 2.0 आवृत्ती 2002 ची. रिपॉझिटरीच्या ओएआय पत्त्याला ‘या तारखेनंतरच्या नोंदी दे’ असं विचारलं की ती यादी एक्सएमएलमध्ये हातात देते. त्यात केवळ दुरुस्ती झालेल्या जुन्या नोंदीही येतात, म्हणून ओळख क्रमांक जुळवून बघावे लागतात. बीलेफेल्ड विद्यापीठाचं ‘बेस’ आणि ब्रिटनमधलं ‘कोअर’ ही शोधयंत्रं याच मार्गाने जगभरच्या नोंदी गोळा करतात. ही दोन्ही जरूर वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. एखाद्या लहान संस्थेने पत्ता बदलला की तिथल्या नोंदी गोळा होणं थांबतं, आणि शोधणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘ओपनडोअर’ ही रिपॉझिटरींची निर्देशिका नवी घरं शोधायला चांगली आहे. तिच्यात भारत निवडा आणि यादी चाळा.

टिपण करताना ब्राउझरमधला पत्ता उतरवू नका. नोंदीच्या पानावरचा हँडल किंवा डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक घ्या, सर्व्हर बदलला तरी तो साधारणपणे टिकतो. हाती आलेली प्रत कोणती तेही लिहा: मुद्रणपूर्व मसुदा, परीक्षणानंतर स्वीकारलेली प्रत की नियतकालिकातली छापील प्रत. मसुद्यातले आकडे परीक्षणानंतर बदललेले असू शकतात, आणि पान क्रमांक तर छापील प्रतीचाच द्यावा लागतो.

अलीकडे मुलं विचारतात, ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना आल्यावर हे सगळं कशाला? जानेवारी 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 30 प्रकाशकांची 13,000 च्या आसपास नियतकालिकं त्यातून वाचता येतात. ही मोठी सोय आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्या. पण प्रबंध, प्रकल्प अहवाल, बंद पडलेल्या नियतकालिकांतले निबंध त्या योजनेत येत नाहीत, आणि खाजनांवरचं निम्मं महत्त्वाचं लेखन नेमकं तिथेच आहे. शिवाय संस्थेशी नातं संपलं की तो प्रवेशही संपतो. बांधाची दुरुस्ती करणाऱ्या गावच्या शेतकरी संघटनेला, शाळेतल्या शिक्षकाला तो कधी मिळतच नाही. त्यांना वाचता येईल अशी प्रत रिपॉझिटरीतलीच.

कधी नोंद दिसते आणि फाइलवर कुलूप असतं. बहुधा प्रकाशकाने घातलेली मुदत संपायची असते. पुष्कळ रिपॉझिटरींत तिथेच प्रत मागायचं बटण असतं, त्यातून विनंती लेखकाकडे जाते. दोन ओळींत आपला विषय आणि संस्था सांगा, निबंध कशासाठी हवा तेही लिहा. वहीत कुलूपबंद नोंदींसाठी वेगळा रंग ठेवा आणि मुदत संपायची तारीख समोर लिहा, म्हणजे त्या दिवशी फाइल स्वतःच उघडून बघता येईल.