नष्ट झालेल्या स्कॉटिश किताबाचा इतिहास कसा शोधावा

मुंबईच्या गव्हर्नरपदावरून नुकतेच परतलेले जॉन एल्फिन्स्टन १९ जुलै १८६० रोजी वारले. लग्न केलेलं नव्हतं. नावावर किताब मात्र दोन होते. स्कॉटलंडच्या सरदारकीतले, म्हणजे तिथल्या उमराव-किताबांच्या श्रेणीतले, ते १३ वे लॉर्ड एल्फिन्स्टन. हा किताब १५१० पासूनचा, तो चुलतभावाकडे गेला. मे १८५९ मध्ये मिळालेला युनायटेड किंग्डमचा ‘बॅरन एल्फिन्स्टन’ हा किताब त्यांच्याबरोबरच संपला. एकाच माणसाच्या मृत्यूने एक किताब गेला, दुसरा टिकला. असं का होतं, हे समजलं की कुठल्याही घराण्याचा शोध नीट लावता येतो.

आधी किताबाचं पूर्ण नाव, तो कोणत्या सरदारकीतला आणि कितव्यांदा दिलेला, हे लिहून घ्या. स्कॉटलंड, ग्रेट ब्रिटन (१७०७ नंतर) आणि युनायटेड किंग्डम (१८०१ नंतर) या सरदारक्या वेगळ्या. स्कॉटलंडमध्ये सर्वांत खालची पायरी ‘लॉर्ड ऑफ पार्लमेंट’. तिथे ‘बॅरन’ म्हणजे २००४ पर्यंत जमिनीशी जोडलेला असलेला हक्क, तो सरदारकीत मोडत नाही. इथे घोळ झाला की पुढचं सगळं चुकतं. एल्फिन्स्टन घराण्यात १८८५ मध्ये १५ व्या लॉर्डना ‘बॅरन एल्फिन्स्टन’ पुन्हा मिळाला. नाव तेच, पण सनद नवी. आज चालू असलेला बॅरन किताब हा १८८५ चा.

मग सनद शोधा. सगळं अडतं ते तिच्यातल्या वारसाच्या अटीवर. ‘स्वतःचे पुरुष वंशज’ अशी अट असेल, तर भाऊ-पुतण्यांना काही मिळत नाही. ‘कोणताही पुरुष वारस’ असेल, तर दूरचा भाऊबंदही हक्क सांगू शकतो. ‘सर्व वारस’ असेल, तर मुलगीही येते, आणि स्कॉटलंडच्या किताबात अनेक मुली असल्या तरी तो वाटला जात नाही, थोरलीकडे जातो. १८५९ चा किताब नवा होता आणि धारकाला मूल नव्हतं, तिथेच तो संपला. जुना किताब पणजोबा-आजोबांकडून आलेला असल्याने त्यांच्या इतर शाखा अजून रांगेत होत्या. जुन्या सनदा स्कॉटलंडच्या राजमुद्रेच्या नोंदवहीत पाहाव्यात. अनेकदा मूळ सनद हाती लागत नाही; तेव्हा किताब प्रत्यक्षात कसा चालत आला, ते पिढीगणिक मांडावं लागतं.

वंशावळ वरून खाली, सर्व भावांसह काढा. १३ व्या लॉर्डनंतर येणारा चुलतभाऊ सापडतो तो ११ व्या लॉर्डच्या दुसऱ्या मुलाच्या शाखेत. तो जानेवारी १८६१ मध्येच वारला, आणि पुढच्या वारसासाठी आणखी एक पिढी मागे, १० व्या लॉर्डच्या मुलांपर्यंत जावं लागतं. फक्त थोरल्या मुलांची रेघ ओढणाऱ्याला हे दिसतच नाही.

नोंदींसाठी ‘स्कॉटलंड्स पीपल’ हे सरकारी संकेतस्थळ वापरा. स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनावही मिळतं. त्याआधीसाठी चर्चच्या परगणा-वह्या, मृत्युपत्रं आणि वारस ठरवल्याच्या न्यायालयीन नोंदी बघाव्या लागतात. माणूस इंग्लंडमध्ये वारला असेल, तर दाखला तिथला, आणि त्या काळच्या इंग्लिश दाखल्यात प्रौढाच्या आईवडिलांची नावं नसतात.

तारखा जपून वाचा. १६०० पूर्वी स्कॉटलंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी १५१० ची घटना जुन्या कागदात १५०९ ची दिसते.

‘नष्ट’ म्हणजे एकही वारस उरलेला नाही; हा शब्द सगळ्यात शेवटी लिहा. वारस असू शकतो, पण हक्क सिद्ध झालेला नाही, तो किताब सुप्त. १७१५ किंवा १७४५ च्या जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या उठावात) भाग घेतला म्हणून काढून घेतला, तो जप्त. मोठ्या किताबात मिसळला, तो विलीन.

मुंबईकरांनी इथे एक गोष्ट सांभाळावी. एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचं ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (गव्हर्नर, १८१९-२७) हे ११ व्या लॉर्डचे धाकटे पुत्र. त्यांना किताब कधीच नव्हता. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव त्यांच्या पुतण्याचं, म्हणजे १३ व्या लॉर्डचं. गव्हर्नर म्हणून त्यांचा पत्रव्यवहार बघायचा असेल, तर महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात १८५३ ते १८६० या वर्षांचे दप्तर मागा.