डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटा, फरदडीतच अळीचा बदललेला जीन पक्का होतो

नोव्हेंबर संपत आलाय, कपाशीच्या दोन वेचण्या झाल्या, तिसरी चालू आहे आणि गावोगाव पुन्हा तीच चर्चा. विहिरीला पाणी आहे, ड्रिप आहे, शेंड्याला पाते (कळ्या) दिसतायत, एक युरियाचं पोतं टाकू, दोन पाणी देऊ म्हणजे फेब्रुवारीपर्यंत एकरी अजून दोन-तीन क्विंटल निघतील. भाऊ, नका करू, पऱ्हाटी (वेचून झालेली कपाशीची झाडं) उपटा. दरवर्षी सांगतो, दरवर्षी सगळे माना डोलावतात आणि मार्चमध्ये रोडच्या कडेला हिरवीगार फरदड, म्हणजे पाणी देऊन लांबवलेली कपाशी, उभी असतेच.

नुसतं "गुलाबी बोंडअळी येईल" म्हटलं की कोणी मनावर घेत नाही म्हणून या वेळी अळीच्या पोटातलं सांगतो. फरदडीत अळी नुसती वाढत नाही, तिथं ती बदलते, आणि बदललेली अळी पुढच्या खरिपात तुमच्याच नव्या बियाण्याच्या कपाशीवर येते.

लोक म्हणतात अळीला औषधाची सवय लागली. सवय वगैरे काही नसते. एक अळी एक तर मरते नाहीतर जगते. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच जरा वेगळी असते, तिच्या जीनमध्ये कुठेतरी आपोआप चूक झालेली असते, अशा चुका होतच राहतात, त्या कोणाच्या बापाला थांबवता येत नाहीत. ती वेगळी अळी एकटी राहून संपणार की तिचं खानदान गावभर पसरणार हे मात्र आपल्या हातात असतं, आणि ते ठरतं डिसेंबर ते मार्चमध्ये.

गुलाबी बोंडअळीचं बघा. बीटी कपाशीत जो जीन घातलाय तो मुळात मातीतल्या एका जिवाणूचा. त्यातून बनणारं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि आतडं फुटतं. आपल्याकडे २००२ ला एका जीनचं बीटी आलं, २००६ ला दोन जीनचं, म्हणजे बीजी-२. २००८ च्या हंगामात गुजरातमधल्या अळीने पहिल्या विषाला दाद दिली नाही, २०१४-१५ पर्यंत दुसऱ्यालाही नाही, आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते कोणाला वेगळं सांगायला नको, उभ्या कपाशीवर रोटाव्हेटर फिरवले लोकांनी. शास्त्रज्ञांनी भारतातल्या अळ्या तपासल्या तर त्यांचा कॅडहेरिनचा जीन एक-दोन नाही, आठ वेगवेगळ्या प्रकारांनी मोडलेला सापडला. म्हणजे विषाला चिकटायला जागाच उरली नाही. दुसऱ्या विषाचीही तीच गत, तिथं एबीसीए२ नावाचा जीन मोडलेला. हा सगळा मोडतोडीचा खेळ, यात अळीला नवं काही मिळालेलं नाही, पण गरजेपुरती मोडतोडही तिला पुरते.

आता एक हिरवं बोंड फोडून बघा, खरंच फोडा, वाचून सोडू नका. सालीला आतून बारीक फोड आलेला दिसतो, तिथून लहान अळी शिरलेली असते, शिरायचं भोक बुजून जातं म्हणून बाहेरून बोंड चांगलंच दिसतं. आत एका सरकीतून दुसरीत जाताना ती दोन सरक्या चिकटवून घेते, तीच जोडसरकी. आणि खरी गोम या सरक्यांतच आहे. आपलं बियाणं हायब्रीड, त्यामुळे झाडात दोन्ही बीटी जीन असले तरी बोंडातल्या सरकीत ते वाटले जातात. १६ सरक्या धरल्या तर ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये एक, ३ मध्ये दुसरं आणि १ मध्ये काहीच नाही. एका बोंडात तीसेक सरक्या असतील तर दोनेक सरक्या निव्वळ साध्या. म्हणजे अळीला एकाच बोंडात सौम्य, कडक, बिनविषारी सगळं मिळतं. वरून ११०-१२० दिवसांनंतर झाडातलं विषच कमी होत जातं. जी अळी ऑगस्टमध्ये नक्की मेली असती ती जानेवारीत अर्धवट विष पचवून जगते, आणि अशाच अळ्यांचं एकमेकांत जुळतं.

अळीची एक पिढी महिना-सव्वा महिन्याची. डिसेंबरला पऱ्हाटी उपटली तर तिला खायला दुसरं काही नाही, ही अळी कपाशीवरच जगते, भेंडी-अंबाडीवर थोडीफार निघते पण तेवढ्याने तिचं भागत नाही. मार्चपर्यंत फरदड ठेवली की आपण तिला दोन-तीन पिढ्या फुकट देतो, त्याही कमी विषावर. जीन मोडणं योगायोग असेल, पण तो मोडका जीन घरोघरी पोचवायचं काम आपल्या फरदडीने केलंय.

तुमच्यातला एखादा म्हणेल, मोडका जीन ठीक आहे, नवीन जीन कसा तयार होतो? त्याचं उत्तर तुरीवर-हरभऱ्यावर फिरतंय, घाटेअळी, म्हणजे हिरवी बोंडअळी. सुसुमू ओहनो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलं की नवे जीन बहुतेक वेळा जुन्याची जादा प्रत निघून बनतात. सातबाऱ्याची झेरॉक्स काढली की मूळ कागद फाईलमध्ये सुरक्षित राहतो आणि झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी काम अडत नाही, तसंच. घाटेअळीत असे शेजारी-शेजारी बसलेले दोन सारखे जीन होते. अंडी किंवा शुक्रपेशी बनताना गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यात ती एकदा जरा सरकून जुळली आणि एका जीनचं पुढचं टोक दुसऱ्याच्या मागच्या टोकाला लागलं. झाला तिसराच जीन, सीवायपी३३७बी३. आईबाप जीनपैकी एकालाही फेनव्हलरेट (पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक) मोडता येत नव्हतं, हा जोडजीन मात्र ते बिनविषारी करून टाकतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांवर हे सिद्ध झालं, पुढे हाच जीन घेऊन ही अळी ब्राझीलपर्यंत पोचलेली दिसली. आणि आपल्याकडे आंध्रात १९८७ च्या सुमारासच ही अळी पायरेथ्रॉइडला ऐकेनाशी झाली होती. तरी अजून दुकानात हरभऱ्याला फेनव्हलरेटची पावडरच हातात ठेवतात, स्वस्तात मस्त म्हणून. स्वस्त आहे पण अळी मरत नसेल तर फुकटही महागच.

मावा तर आणखी चलाख, मिरची-बटाट्यावरच्या हिरव्या माव्यात औषध पचवणाऱ्या एकाच जीनच्या ८० पर्यंत प्रती सापडल्यात. आणि पांढरी माशी? तिने सरळ झाडाचाच जीन उचलला. झाड स्वतःच्या बचावासाठी जे विषारी द्रव्य बनवतं ते बिनविषारी करणारा जीन झाडात असतो, तोच कोट्यवधी वर्षांपूर्वी पांढऱ्या माशीत गेला. २०२१ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. झाडातून कीटकात जीन जातो हे ऐकून मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं.

चोरून विकलं जाणारं एचटीबीटी (तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं) लावणाऱ्यांनी पण हे ऐकून ठेवा. तणनाशक मारलं की तण मरतं हे काही वर्षंच. अमेरिकेत आपल्या तांदुळजाच्याच गोतातलं एक तण आहे, त्याने ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या जीनच्या प्रथिनाला अडवतं त्या जीनच्या शंभरावर प्रती करून ठेवल्या, आता ओता किती ओतायचं ते.

यावर उपाय नाही असं नाही. ॲरिझोनात हीच गुलाबी अळी, हेच बीटी, १९९६ पासून. तिथं शेतकऱ्यांनी नॉन-बीटी कपाशी आश्रय म्हणून खरोखर लावली, म्हणजे साध्या अळ्या जिवंत राहिल्या आणि एखाद्या बदललेल्या पतंगाला जोडीदार साधाच मिळत गेला, त्यांची पिल्लं बीटीवर मेली. नंतर विमानातून नपुंसक पतंग सोडले. आणि पऱ्हाटी जमिनीत गाडायची शेवटची तारीख तिथं सरकारी नियमाने ठरलेली. २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. आपण बीटी बियाण्यासोबत आश्रयासाठी मिळायचं ते १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट बांधावर फेकलं नाहीतर बकरीला घातलं, आता ते बी पाकिटातच मिसळून येतं म्हणून बरं. नपुंसक पतंग आपण सोडू शकत नाही. उरलं काय? पऱ्हाटी.

माझा एक अंदाज आहे, विद्यापीठाच्या पुस्तकात मिळणार नाही. ज्या शिवारात फरदड जास्त, तिथं पुढच्या वर्षी डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) पोळ्याच्या अमावस्येच्या आत दिसतात, आणि जिथं शिवारातल्या बहुतेकांनी डिसेंबरात रान मोकळं केलं तिथं त्या दसऱ्याकडे सरकतात. तेवढ्या महिनाभरात खालची बोंडं पक्की होऊन जातात, आणि खालच्या बोंडांवरच तर सगळा पैसा असतो.

आत्ता कपाशीत करायचं:
- पाणी बंद, युरिया बंद, टॉनिक बंद
- एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), लूरची (वासाच्या गोळीची) मुदत बघून ती बदला
- एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडा
- सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ पतंग किंवा १० टक्के बोंडांत अळी असेल तरच फवारणी
- प्रोफेनोफॉस ५० ईसी २० मिली किंवा थायोडिकार्ब ७५ डब्ल्यूपी २० ग्रॅम किंवा इमामेक्टिन ५ एसजी ४ ग्रॅम, १० लिटर पाण्याला, तिन्हींपैकी एकच
- कवडी (अळीने डागाळलेला) कापूस वेगळा वेचा, चांगल्यात मिसळू नका

दुकानदार आता "कॉम्बो" देईल, हजाराच्या वरची बाटली, दोन-तीन औषधं एकत्र, वर फुलगळीचं काहीतरी फुकट. घेऊ नका. अळी बोंडात शिरली की वरून काहीही मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि वारंवार तेच औषध मारलं की वरचाच खेळ औषधाच्या बाबतीत सुरू होतो. मिश्रणाचा नाद तर अजिबात नको, २०१७ ला यवतमाळात फवारता फवारता माणसं गेलीत. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा, लेबल वाचणं.

पऱ्हाटीचं:
- ३१ डिसेंबर शेवटची तारीख धरा, त्याआधी जमलं तर उत्तम
- आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, पण फवारून झालेल्या रानात लगेच नको
- श्रेडरने कुट्टी करून गाडा किंवा कंपोस्ट करा
- बांधावर, गोठ्यामागे जळणाचा ढीग लावून जूनपर्यंत ठेवू नका, अर्धवट उमललेल्या बोंडात अळी सुप्त बसलेली असते
- घरातला कापूस लवकर विका, ढिगाशेजारी सापळा लावा
- जिनिंगवाल्यांनाही सापळे लावायला सांगा
- मे महिन्यात लागवड नको, कृषी खातं बियाणं विक्रीची तारीख पुढे ढकलतं ते यासाठीच

जळणाच्या ढिगाबद्दल बायका नाराज होतात हे माहीत आहे, चुलीला पऱ्हाटीसारखं जळण नाही. मग निदान बोंडं झोडून, गोळा करून जाळा आणि काड्याच ठेवा.

"मी उपटली पण शेजाऱ्याची उभी आहे" हा प्रश्न सगळीकडून येतो. खरं आहे, पतंग उडून येतो, एकट्याने उपटून अर्धाच फायदा. म्हणून हे काम वस्तीवर, पारावर बोलून करा, एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) मोटारी असणारे सगळे एका आठवड्यात उपटतील असं ठरवा. आमच्याकडे काही ठिकाणी ट्रॅक्टरवाल्यालाच सांगून ठेवलं की सलग रान असेल तर भाडं कमी, त्याने पटकन झालं.

रान मोकळं झालं की पाणी असणाऱ्यांनी उन्हाळी भुईमूग, तीळ किंवा मूग बघा. फरदडीच्या दोन क्विंटल कवडीपेक्षा हिशेब कागदावर मांडून बघा, औषध आणि वेचणीची मजुरी धरून.

तूर-हरभऱ्यात घाटेअळी दिसत असेल तर पायरेथ्रॉइड सोडून:
- एकरी २० पक्षीथांबे
- ५ टक्के निंबोळी अर्क, अंडी आणि बारीक अळी असताना
- एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) हेक्टरी ५०० एलई (त्याच्या मात्रेचं माप), संध्याकाळी, बारीक अळीवरच
- त्यानंतरही हरभऱ्यात मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तर क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी २.५ मिली १० लिटरला, पुढची फवारणी लागलीच तर दुसऱ्या गटातलं औषध

ढगाळ वातावरण आलं की पहिले दोन दिवस रोज सकाळी तुरीच्या शेंगा बघायच्या, फवारायची घाई त्यानंतर.